माझ्या बायकोवरची डॉक्युमेंटरी

आमच्या घरी शूटिंग होणार हे मला बायकोकडून नाही, खालच्या इस्त्रीवाल्याकडून कळलं. "सर, तुमच्याकडे फिल्मवाले येऊन गेले," तो म्हणाला. "भाभींवर पिक्चर काढणार म्हणे." मी शर्ट घेऊन वर आलो. बायको मेथी निवडत बसली होती.

"हो, एक मुलगी आली होती," ती म्हणाली. "माझ्यावर डॉक्युमेंटरी करायची म्हणते. मी नाही म्हटलं."

"मग इस्त्रीवाला म्हणतोय काढणार."

"जाताना त्याला विचारलं असेल तिने, शूटिंगची गाडी इथे उभी राहील का."

त्यावरूनच मला कळायला हवं होतं की मुलगी हार मानणारी नाही. पुढच्या आठवड्यात ती परत आली, तासभर बसली, आणि तेवढ्यात बायकोने हो म्हणून टाकलं. का, ते मला आजही नीट कळलेलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तिने प्रश्न चांगला विचारला." कुठला प्रश्न? "आता कशाला सांगू, कॅमेऱ्यापुढे सांगणारच आहे." मला तेव्हा गंमत वाटली.

बायको मूळची गिरगावातली. वडील वकिलांच्या फर्ममध्ये मोठ्या हुद्द्यावर, घरात पुस्तकांची कपाटं, जेवायला टेबल. मी लालबागचा, गिरणी कामगाराचा मुलगा, घरी मालवणी बोलणारा. कॉलेजात ओळख झाली, पुढे लग्न झालं. एरवी ती मला 'अरे' म्हणते. माझी आई होती तोवर तिच्यासमोर 'अहो' म्हणायची, आणि आई आत वळली की वाक्याच्या मध्येच 'अरे'वर यायची. मी वडाळ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवायचो. बायको आधी एका वर्तमानपत्रात होती. ते बंद पडल्यावर परळच्या एका संस्थेच्या छोट्याशा रेडिओ केंद्रात लागली. शेवटच्या मजल्यावरची एक खोली, भिंतींना फोम, टेबलावर दोन माइक, आणि पंखा लावला तर त्याचा आवाज जातो म्हणून घामाघूम झालेली माणसं.

अशा छोट्या केंद्रांना बातम्या द्यायची परवानगी नसते. म्हणून ती 'बातमी' हा शब्दच वापरायची नाही. "आजची माहिती अशी," असं म्हणून रोज दुपारी ती कुठल्या गल्लीत पाणी येत नाही, कुठल्या दवाखान्यातली औषधं बाहेरच्या दुकानात मिळतात, कुठल्या रेशन दुकानातला गहू मागच्या दाराने जातो, हे सांगायची. ज्याच्याबद्दल सांगायची त्यालाच फोन लावायची आणि ते बोलणं तसंच्या तसं ऐकवायची. आवाज चढवायची नाही. समोरचा ओरडायला लागला की ही आणखी हळू बोलायची. माझी आई नळावर बायकांना सांगायची, "रेडियोर बोलता ती आमची सून. तिका कोणाची भीती वाटणा नाय."

घरात ती पाल दिसली तर पलंगावर चढते. पण आईला ते कोणी सांगितलं नाही.

डॉक्युमेंटरी ज्या प्रकरणावर होती ते बऱ्याच वर्षांपूर्वीचं, गिरगावातल्या एका जुन्या बिल्डिंगचं. तीन मजली, लाकडी जिना, प्रत्येक मजल्याला लांब गॅलरी, मध्ये चौक. एका सकाळी दारावर नोटीस लागली. इमारतीची तपासणी झाली आहे, ती धोकादायक ठरली आहे, जागा खाली करा. भाडेकरूंना काही सुधरेना, कारण तपासणीला कोणी आल्याचं एकालाही आठवत नव्हतं. मालकाचं एका बिल्डरशी जमलंय आणि त्यात पालिकेच्या एका साहेबाचा हात आहे, अशी कुजबुज मात्र आधीपासून होती. पहिल्या मजल्यावर एक आजोबा राहायचे. छापखान्यातून रिटायर झालेले, दुपारी जेवून रेडिओ उशाशी घेऊन पडणारे. त्यांनी केंद्रावर फोन केला. बायको गेली, चौकात खुर्च्या मांडून बसली आणि एकेका घराला विचारलं, कोणी आलं होतं का तपासायला? सगळ्यांनी नाही सांगितलं. ती सगळी 'नाही' तिने एकापाठोपाठ एक लावून ऐकवली. बायकांची, पुरुषांची, एका लहान मुलीचं, एका आजीचं. बाकी स्वतः काही बोलली नाही.

मग तिने नोटिशीवर सही करणाऱ्या साहेबाला कार्यक्रम चालू असतानाच फोन लावला. ते रेकॉर्डिंग नंतर इतक्या मोबाइलवर फिरलं की लालबागच्या मासळीबाजारातही मला लोक त्यातली वाक्यं म्हणून दाखवायचे.

"साहेब, तपासणीला तुम्ही स्वतः गेला होतात?"

"अर्थात. मी स्वतः."

"पूर्ण बिल्डिंग बघितलीत?"

"तळापासून वरपर्यंत. आमची पद्धत असते, मॅडम."

"गच्चीवर गेला होतात?"

"गेलो होतो ना. गच्चीची अवस्था तर फारच वाईट आहे. स्लॅबला भेगा पडल्यात, टाकीखालून गळती आहे. कधी कोसळेल सांगता येत नाही."

तेवढ्यात केंद्राची दुसरी लाइन वाजली. आजोबा होते. बायकोने त्यांनाही त्याच बोलण्यात घेतलं. आजोबा म्हणाले, "बाई, साहेबांना सांगा, आमच्या बिल्डिंगला गच्ची नाही. कौलं आहेत."

त्यानंतर साहेबाच्या बाजूने फक्त पंख्याचा आवाज येत राहिला आणि फोन बंद झाला.

चौकशी लागली, नोटीस मागे घेतली गेली, साहेब सस्पेंड झाला. बिल्डिंगच्या चौकात पेढे वाटले गेले. एक खोकं आमच्याकडेही आलं. पण त्या संवादाच्या दिवशी संध्याकाळी बायको घरी आली, चप्पल काढता काढता मला म्हणाली, "अरे, मला माहीतच नव्हतं तिथे गच्ची नाही ते!" आणि दाराला टेकून हसत सुटली. हे मला स्वच्छ आठवतं. निदान फिल्म बघेपर्यंत तरी आठवत होतं.

तर त्या मुलीने या सगळ्यावर डॉक्युमेंटरी करायला घेतली. तिच्यासोबत एक कॅमेरावाला आणि एक आवाजवाला. बायकोला ते तिघं 'मॅडम' म्हणायचे, मला 'काका'. एकाच घरातली मॅडम आणि काका ही जोडी मला जरा विचित्र वाटायची, पण करणार काय? आवाजवाल्याला फ्रिजची घरघर ऐकू यायची, म्हणून आल्या आल्या तो फ्रिजचं बटण बंद करायचा. एकदा जाताना चालू करायला विसरला आणि सकाळी आणलेले बांगडे गेले. दुसऱ्या दिवशी बिचारा स्वतः बांगडे घेऊन आला, पण बाजारात कोणीतरी शिळे बांगडे त्याच्या गळ्यात मारले होते. बायकोने ते घेतले आणि मागच्या मांजरांना घातले.

माझं एकच दृश्य होतं. "काका, तुम्ही खिडकीत बसून मॅडमचा कार्यक्रम ऐकताय, असं करा," मुलगी म्हणाली.

"पण दुपारी मी शाळेत असायचो," मी म्हटलं. "मी कधी ऐकलाच नाही चालू असताना. नंतर रेकॉर्डिंग ऐकलं असेल तेवढंच."

"चालेल काका. फीलिंग महत्त्वाचं."

मग मी खिडकीत बसलो. रेडिओ शेजाऱ्यांकडून आणला होता, आमचा बिघडला होता. शेजाऱ्यांचाही लागत नव्हता. मी बंद रेडिओकडे बघून फीलिंग केलं. मुलगी म्हणाली, "सुंदर. थोडं काळजी वाटतेय असं करा." मी विचारलं, "कसली काळजी?" ती म्हणाली, "मॅडमची." मला काय काळजी वाटत होती तेव्हा? दहावीचा पोर्शन पुरा होत नाहीये, ही. ती केली.

बायकोची मुख्य मुलाखत होती त्या दिवशी मला बाहेर पाठवलं. मी बसतो ती खुर्ची करकरते, असं आवाजवाल्याने सांगितलं. मी दुसऱ्या खुर्चीवर बसतो म्हटलं, तर बायकोच म्हणाली, "तू जा रे, जरा फिरून ये." मी परळपर्यंत गेलो, भाजी घेतली, एका जुन्या विद्यार्थ्याने ओळखलं, त्याच्याशी बोललो, परत आलो. मंडळी सामान आवरत होती. मुलीचे डोळे लाल दिसले. मी विचारलं, काय झालं? बायको म्हणाली, "कांदा चिरला मघाशी." ओट्यावर कांदा नव्हता. पण मी फार खोलात गेलो नाही.

फिल्म तयार झाली. दादरच्या एका छोट्या हॉलमध्ये रविवारी सकाळी पहिला खेळ ठेवला. मी माझ्या शाळेतले जुने सहकारी बोलावले होते. बायकोने गुळाच्या रंगाची साडी नेसली होती. आम्हाला दुसऱ्या रांगेत बसवलं. बिल्डिंगची माणसंही आली होती, आजोबा काठी टेकत आलेले दिसले.

अंधार झाला. आधी गिरगावची गल्ली, मग केंद्राची खोली, मग ती सगळी 'नाही'. हॉलमध्ये कोणी हलत नव्हतं. साहेबाचा संवाद आला. तो संपल्यावर मुलीच्या आवाजात निवेदन होतं, "तिला ठाऊक होतं. तिने शांतपणे सापळा लावला आणि वाट बघितली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बायकोकडे बघितलं. ती समोर बघत होती. मला वाटलं, मुलीचा काहीतरी घोटाळा झालाय, नंतर सांगू. मग पडद्यावर मी आलो, खिडकीत, बंद रेडिओ ऐकताना, मागे सतार. सहकाऱ्यांनी पाठीवर थाप मारली.

आणि लगेच बायको आली पडद्यावर. आमच्याच घरात, भिंतीजवळ बसलेली. "मॅडम, तुम्हाला भीती कधी वाटली?" मुलीने मागून विचारलं, आणि ती सांगायला लागली.

"ती सगळी 'नाही' ऐकवली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस घरी आला. मी घरी होते, यजमान शाळेत गेलेले. चांगले कपडे, हातात मिठाईचा बॉक्स. म्हणाला, ताई, बसू का? बसला. म्हणाला, तुमचे यजमान सर आहेत ना वडाळ्याला? चांगले आहेत हो सर. नायगाववरून जाणाऱ्या बसने जातात. संध्याकाळी शाळेच्या कोपऱ्यावर पेरू घेतात, मीठ-तिखट लावून, चालत चालत खातात. ट्रक फार भरधाव येतात तिथे. जपायला सांगा त्यांना."



"मग तुम्ही काय केलंत?" पडद्यामागून मुलीचा आवाज.

"चहा विचारला. म्हणाला, चालेल. चांगले कप वर ठेवलेले होते, हात पोचेना, म्हणून यजमानांच्या कपात दिला. त्याने पूर्ण प्यायला. तो गेल्यावर कप दोनदा घासला. मिठाई खाली कचऱ्यात टाकली. मग केंद्रावर गेले आणि साहेबांचा नंबर लावला."

टाळ्या इतक्या झाल्या की पुढचं काही ऐकू आलं नाही. माझ्या बाजूचे सहकारी उठून उभे राहिले. मी बसून होतो. मला कोणीतरी दुसऱ्याच्या घरातली गोष्ट सांगतंय असं वाटत होतं, आणि घर तर आमचं होतं, भिंतीवरचं कॅलेंडर आमचं होतं, कप माझा होता.

आणि त्याच वेळी मला ते दिवस आठवायला लागले. त्या सुमाराला बायको अचानक रोज संध्याकाळी माझ्या शाळेच्या फाटकाशी यायला लागली होती. "इकडे काम होतं," म्हणायची. कसलं काम, मी विचारलंच नाही. मला इतका आनंद झाला होता! लग्नाला इतकी वर्षं झालेली, आणि बायको फाटकाशी उभी. स्टाफरूममध्ये चिडवायचे, "सर, आल्या तुमच्या." मी केस विंचरून बाहेर जायचो. कोपऱ्यावरचे पेरू सोडून तिला भजी खायला घालायला लागलो, कारण तिला पेरू नको असायचे. रस्ता ओलांडताना ती माझा दंड धरायची. मी आजपर्यंत त्या दिवसांना मनात एक वेगळी जागा देऊन ठेवली होती. कोणाला सांगितलं नव्हतं, पण होती. आता पडद्याकडे बघत मी बसलो आणि मला कळेना की त्या जागेचं काय करू.

फिल्म पेढ्यांवर संपली. चौकात हसणारी माणसं, पेढे, वर कौलं, कौलांवर ऊन. दिवे लागले. मुलीने बायकोला पुढे बोलावलं, प्रश्न विचारा म्हटलं. एक-दोघांनी कौतुक केलं. मग आजोबा काठीवर जोर देऊन उठले. माइक घेतला नाही.

"बाई, मला एक विचारायचंय," ते म्हणाले. "फिल्म छान झाली. पण पुढे काय झालं ते तिच्यात नाही. नोटीस मागे घेतली, आम्ही राहिलो. पुढे कितीतरी वर्षांनी एका सकाळी दुसऱ्या मजल्याची गॅलरी खाली आली. मग खरेखुरे इंजिनियर आले, सगळीकडे ठोकून बघून गेले. म्हणाले, तुळया आतून कधीच्याच संपल्यात. म्हणजे तेव्हाही संपलेल्याच असणार. आता आम्ही वडाळ्याला संक्रमण शिबिरात. तर माझा प्रश्न असा, की तेव्हा तुमचं बरोबर होतं की त्या साहेबाचं?"

 मुलगी घाईने म्हणाली, "आजोबा, मुद्दा भ्रष्टाचाराचा होता..."

बायकोने तिला हाताने थांबवलं. "साहेब खोटं बोलत होते, एवढं मला माहीत होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "बिल्डिंग चांगली आहे की वाईट, ते मला माहीत नव्हतं."

"ते आम्हालाही माहीत नव्हतं," आजोबा म्हणाले. "पण तुम्ही जिंकलात म्हणजे बिल्डिंग चांगली, असं आम्ही धरून चाललो."

"मग बरोबर कोणाचं होतं, मला नाही सांगता येत."

"मलाही नाही येत. म्हणून तर विचारलं," असं म्हणून आजोबा खाली बसले. कार्यक्रम तिथेच संपला. टाळ्या झाल्या, पण कधी थांबायचं ते कोणाला कळलं नाही, अशा.

आम्ही बाहेर पडलो. ऊन कडक होतं. दादरच्या एका जुन्या हॉटेलात पियूष घ्यायला बसलो. ग्लास आले. मी सरळ विचारलं.

"तो माणूस आला होता हे मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते."

"कधी?"

"त्याच दिवशी. पण मी घरी आले तेव्हा तूही हसतच होतास. कोणीतरी पेपरात ब्रह्मपुत्रा कोकणात आणून सोडली होती. म्हटलं, जेवल्यावर सांगू. जेवल्यावर तू पेपर तपासायला बसलास. मग राहिलं."

"एवढी वर्षं?"

"पहिल्या दिवशी राहिलं ना, की दुसऱ्या दिवशी जास्त अवघड होतं रे."

"मी थांबवलं नसतं तुला."

"ते माहीत होतं मला. तू छाती काढून बरोबर आला असतास. मग मी साहेबाला प्रश्न विचारले असते की तुझ्याकडे बघत बसले असते?"

मी पियूष ढवळत राहिलो. "शाळेवर यायचीस ती राखणीला."

तिने ग्लास उचलला. "सुरुवातीला राखणीला," म्हणाली.

"आणि नंतर?"

"चौकशी लागल्यावर ते लोक काही करणार नाहीत हे मला कळलं होतं. तरी येत होतेच की."

"म्हणजे कधीपर्यंत राखण आणि कधीपासून..."

"आता काय नकाशात रेघ मारून दाखवू?" ती चिडली. "भजी चांगली असायची तिथली. आणि तू बाहेर यायचास तेव्हा केस विंचरून यायचास."

मला बरं वाटलं की वाईट, ते सांगता येत नाही. दोन्ही एकदम आलं आणि एकमेकांत गुंतून बसलं. आणखी एक विचारायचं होतं. "गच्ची नाही हे तुला माहीत होतं? तू त्या दिवशी म्हणाली होतीस, नव्हतं."

"असं म्हणाले होते मी?"

"दाराशी उभी राहून. हसत होतीस."

"मग नसेल माहीत." तिने ग्लास खाली ठेवला. "पण ती मुलगी विचारत राहिली, मॅडम, तुम्ही चौकात बसला होतात, वर बघितलं असेलच ना. आणि मला दिसायला लागलं. खुर्चीत बसलेय, वर मान केली, कौलं. आता ती खरंच बघितली होती की तिने विचारल्यावर दिसायला लागली, देवालाच ठाऊक."

"मग तिने फिल्ममध्ये सापळा लावला म्हटलंय, त्याचं काय?"

"त्याचं मलाही काही कळत नाहीये," ती म्हणाली, आणि मला जरा धीर आला, की निदान गोंधळलेला मी एकटा नाही.

पुढच्या काही दिवसांत तिने मात्र एक गोष्ट ठरवून टाकली. मुलीला फोन करून म्हणाली, आजोबांचा प्रश्न फिल्ममध्ये घाल. मुलगी घाबरली. "मॅडम, फिल्म पूर्ण झालीय. शेवट पेढ्यांचा आहे."

"पेढ्यांनंतर घाल."

"लोक गोंधळतील, मॅडम."

"गोंधळू देत."

बरेच फोन झाले. एकदा मुलगी रडली, एकदा बायको रागावून फोन ठेवून बसली. शेवटी मुलगी तयार झाली, आणि एका सकाळी आम्ही सगळे वडाळ्याच्या संक्रमण शिबिरात गेलो. आजोबांची खोली लहान होती. भिंतीवर त्यांच्या बायकोचा फोटो, त्याला चंदनाचा हार. कॅमेरा लागला. मुलगी प्रश्न विचारायला पुढे झाली, तेवढ्यात बायकोनेच खुर्ची ओढून घेतली.

"गॅलरी पडली तेव्हा तुम्ही कुठे होतात?" तिने विचारलं.

"आत. दाढी करत होतो. वरच्या घरातली सून नुकतीच गॅलरीतले वाळलेले कपडे काढून आत गेली होती. दोरीवर एक टॉवेल राहिला होता, तो घ्यायला परत निघालेली. सासूने हाक मारली म्हणून थांबली."

बायकोने पुढचा प्रश्न विचारला नाही. वाट बघितली. मी कोपऱ्यात उभा होतो. तिचे खांदे, मांडीवर ठेवलेले हात, सगळं स्थिर होतं. घरी ती दोन मिनिटं एका जागी बसत नाही.

आजोबाच पुढे बोलले. "ती परत गेली असती तर मी तुम्हाला शिव्या घातल्या असत्या, बाई. खोटं कशाला बोलू. पण दुसरंही आहे. नोटीस लागली तेव्हा ही आजारी होती." त्यांनी फोटोकडे मान केली. "तेव्हाच निघालो असतो तर ती अशा खोलीत गेली असती, अनोळखी लोकांत. ती आमच्या घरात गेली. खिडकीतून शेजारणी रोज डोकवायच्या, रव्याची खीर आणून द्यायच्या. ते दिवस मिळाले ते तुमच्यामुळे. आता यातलं काय मोठं धरू? मी खूप विचार केला. झोप लागत नाही तेव्हा करतो. एका बाजूला जातो आणि परत येतो."

"आज कुठल्या बाजूला आहात?" बायकोने विचारलं.

आजोबा हसले. "आज तुम्ही समोर बसलात. आज तुमच्या."

फिल्म आता तिथे संपते. सापळ्याचं वाक्यही मुलीने काढून टाकलं; त्या जागी काही नाही, साहेबाच्या पंख्याचा आवाज तेवढा. पहिल्यापेक्षा टाळ्या कमी होतात. एका ठिकाणी बक्षीस मिळेल असं वाटत होतं, ते मिळालं नाही. मुलगी म्हणाली, परीक्षकांना शेवट कळला नाही. तिच्या बोलण्यात राग होता, पण तिने शेवट बदलला नाही. तो साहेब, असं ऐकतो, पुढे परत कामावर घेतला गेला आणि वरच्या जागेवरून रिटायर झाला. आजोबांना अजून नवीन घराची चावी मिळालेली नाही.

मध्यंतरी परळला एका मंडळाने फिल्म दाखवली. खेळ संपल्यावर एक गृहस्थ जिन्यात माझ्याजवळ आले. "तुम्हीच ना ते, रेडिओ ऐकणारे?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "काय हो, मग बाईंचं बरोबर की चूक? मला नीट समजलं नाही." मी काहीतरी बोललो असेन. काय बोललो ते आठवत नाही. ते मान हलवत गेले, पण त्यांचं समाधान झालं नाही हे दिसत होतं.

मागच्या आठवड्यात नायगावहून बायकोला फोन आला. तिथल्या चाळी पाडून नवीन टॉवर होतायत, आणि कोणाला कुठली खोली मिळाली यावरून काही भानगड आहे म्हणे. केंद्र आता बंद झालंय, पण तिथल्या बायकांना मोबाइलवर रेकॉर्ड कसं करायचं ते शिकून घ्यायचंय. ती पिशवीत पाण्याची बाटली टाकून निघाली.

"कुठे, कोणाकडे, कोण कोण असणार?" मी विचारलं.

तिने सगळं सांगितलं. चाळ सांगितली, मजला सांगितला, कोणी बोलावलंय ते सांगितलं, किती वाजता येईन ते सांगितलं. दार ओढून घेतलं आणि जिना उतरली. मी गॅलरीत उभा राहून ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बघितलं. तिने सांगितलं ते सगळंच होतं की त्यातलं काही ठेवलं होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मग मी शर्ट बदलला, चप्पल घातली आणि नायगावच्या बसच्या स्टॉपकडे निघालो. इकडे काम होतं, असं सांगायचं ठरवलं होतं.